इराणमधले बहाई तुरुंगात का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत हा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, 'बहाई म्हणजे नेमके कोण?' आणि लगेच दुसरा, 'पण त्यांनी काहीतरी केलं असेल ना?' या दोन प्रश्नांना आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या इतर प्रश्नांना इथे सरळ उत्तरं द्यायचा प्रयत्न केला आहे. मी स्वतः बहाई नाही. पण 'मी या धर्माचा नाही' एवढं एक वाक्य लिहून दिलं तर घरी जाता येत असताना जी माणसं ते लिहून देत नाहीत आणि वर्षानुवर्षं आत राहतात, त्यांच्याबद्दल मराठीत फारच थोडं लिहिलं गेलं आहे. ते मला फार दिवस सलत होतं.

बहाई म्हणजे पारशी की मुसलमान?

दोन्ही नाहीत. तो स्वतंत्र धर्म आहे. १८४४ साली शिराझमध्ये सय्यद अली मुहम्मद नावाच्या तरुण व्यापाऱ्याने आपण ईश्वराचा नवा संदेश घेऊन आलो आहोत असं जाहीर केलं. लोक त्याला 'बाब' म्हणू लागले. ९ जुलै १८५० रोजी तब्रीझमध्ये त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आलं. त्याच्या अनुयायांपैकी तेहरानच्या एका सरदार घराण्यातले बहाउल्ला (१८१७ ते १८९२) यांनी पुढे बहाई धर्म स्थापन केला. ईश्वर एकच, सगळ्या धर्मांचा उगम एकच, स्त्री-पुरुष समान, आणि पुरोहितवर्ग नाही, ही त्यातली ठळक सूत्रं. कृष्ण, बुद्ध, झरतुष्ट्र, मूसा, येशू आणि मुहम्मद या सर्वांना ते ईश्वराचे दूत मानतात. आज इराणमध्ये सुमारे तीन लाख बहाई आहेत, म्हणजे तिथला सर्वांत मोठा बिगरमुस्लिम समाज. जगभरात त्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर सांगितली जाते.

पारशांशी गल्लत का होते, यालाही कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द आणि केरमानकडचे काही झरतुष्ट्री बहाई झाले, आणि त्यांतली काही कुटुंबं मुंबई-पुण्याला आली. आपण ज्यांना सरसकट 'इराणी' म्हणत आलो, ज्यांच्या हॉटेलात बन-मस्का खाल्ला, त्यांत बहाई घरंही होती.

दिल्लीचं लोटस टेंपल यांचंच का?

हो. १९८६ साली ते खुलं झालं. त्याचे वास्तुरचनाकार फरिबोर्झ साहबा हे इराणी बहाई. पाचगणीचं न्यू एरा हायस्कूलही बहाईंनी १९४५ मध्ये सुरू केलं. साताऱ्याकडच्या कित्येक घरांना 'बहाई' हा शब्द त्या शाळेमुळेच माहीत आहे.

इराणच्या कायद्यात बहाई असणं हा गुन्हा आहे का?

असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. राज्यघटनेच्या तेराव्या कलमात झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती या तीनच अल्पसंख्याकांना मान्यता आहे. बहाई त्या यादीत नाहीत, आणि यादीत नाही म्हणजे कायद्यापुढे समाज म्हणून अस्तित्वच नाही. त्यामुळे खटला उभा राहतो तेव्हा आरोपपत्रावर 'राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध कृती', 'राजवटीविरुद्ध प्रचार', 'बेकायदा गटाचं सदस्यत्व' असलं काहीतरी असतं. पुरावा काय, तर घरी जमून प्रार्थना केली, मुलांचा वर्ग घेतला, धर्माची पुस्तकं सापडली.

मुळातला राग धर्मशास्त्रातला आहे. मुहम्मद पैगंबर हे शेवटचे, त्यांच्यानंतर कुणी नाही, ही इस्लामची श्रद्धा. त्यानंतर कुणी संदेश घेऊन आलो म्हणतो, तर मुल्ला-मौलवींच्या लेखी तो पाखंड. ज्यू आणि ख्रिस्ती इस्लामच्या आधीचे म्हणून चालतात, बहाई नंतरचे म्हणून चालत नाहीत. ज्याच्या खापरपणजोबाने धर्म स्वीकारला त्या पाचव्या पिढीच्या मुलालाही हाच नियम लागू होतो.

ते इस्रायलचे हेर आहेत असं म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

हा आरोप इतक्यांदा ऐकू येतो की तारखाच सांगतो. बहाउल्लांना १८५२ मध्ये तेहरानच्या सियाह-चाल नावाच्या अंधारकोठडीत साखळदंडात ठेवलं होतं. ती भुयारातली कोठडी पूर्वी हमामाचं पाणी साठवण्याची टाकी होती. तिथून त्यांना देशाबाहेर काढलं, बगदादला. मग उस्मानी सुलतानाने त्यांना इस्तंबूल, एदिर्ने असं हलवत १८६८ मध्ये आजच्या इस्रायलमधल्या अक्का या तुरुंगनगरीत नेऊन टाकलं. तिथेच १८९२ मध्ये त्यांचं निधन झालं. इस्रायल जन्माला आलं १९४८ साली. बहाईंचं जागतिक केंद्र हैफा-अक्का भागात आहे ते इराणच्या शहाने आणि तुर्की सुलतानाने मिळून केलेल्या हद्दपारीमुळे. ज्या माणसाला कैदी म्हणून तिथे नेलं, त्याच्या समाधीला भक्त दर्शनाला जातात आणि पैसे पाठवतात, तर त्यालाच हेरगिरी म्हणतात.

शहाच्या काळात तर सगळं ठीक होतं ना?

बरं होतं, ठीक नव्हतं. १९३४ मध्ये बहाईंच्या शाळा बंद केल्या. निमित्त एवढंच की त्या आपल्या धर्माच्या सणाला सुट्टी घेत. १९५५ च्या रमजानमध्ये फलसफी नावाच्या मौलवीने बहाईंविरुद्ध केलेली प्रवचनं सरकारी रेडिओवरून देशभर ऐकवली गेली. नंतर तेहरानमधल्या बहाई केंद्राचा घुमट पाडायला खुद्द सेनाधिकारी कुदळ घेऊन पुढे झाले. त्यानंतरच्या वीस वर्षांत बरेच बहाई शिकले, डॉक्टर-इंजिनिअर झाले, सरकारी नोकरीत वर चढले. १९७९ च्या इस्लामी क्रांतीत शहा गेला आणि मग हेच त्यांच्यावर उलटलं, 'शहाची माणसं' म्हणून.

१९७९ नंतर नेमकं काय घडलं?

शिराझमधलं बाबचं घर त्याच वर्षी पाडलं. बहाईंमध्ये पुरोहित नसल्यामुळे समाजाचा कारभार निवडून दिलेली नऊ जणांची मंडळं पाहतात. २१ ऑगस्ट १९८० रोजी राष्ट्रीय मंडळाच्या नऊच्या नऊ सदस्यांना एका बैठकीतून उचललं. ते पुन्हा कधीच दिसले नाहीत. त्यांच्या जागी नवे नऊ निवडले गेले. त्यातल्या आठ जणांना २७ डिसेंबर १९८१ रोजी गोळ्या घातल्या. ऑगस्ट १९८३ मध्ये सरकारने मंडळांवरच बंदी घातली आणि बहाईंनी ती स्वतःहून विसर्जित केली, कारण सरकारी आदेश पाळणं हे त्यांच्या धर्मातच आहे. क्रांतीनंतर एकूण दोनशेहून अधिक बहाई मारले गेले.

मला स्वतःला यातली शिराझची हकीकत ओलांडून पुढे जाता येत नाही. १९८२ च्या शरदात तिथे धरपकड झाली. त्यात मोना महमूदनिझाद नावाची शाळकरी मुलगी होती. बहाई मुलांना शाळांतून काढलं होतं, म्हणून ती लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेई. आपल्याकडे संस्कारवर्ग चालवणारी एखादी ताई असते, तशी. तिच्यावरचा आरोप हाच. तिचे वडील तिच्याबरोबरच पकडले गेले होते. त्यांना १९८३ च्या मार्चमध्ये फाशी दिली. जूनच्या १६ तारखेला सहा पुरुषांना फाशी झाली. त्यात तुरुंगातल्या काही स्त्रियांचे जवळचे नातेवाईक होते. दोन दिवसांनी, १८ जून १९८३ रोजी, दहा स्त्रियांना एकीसमोर एक अशा फासावर चढवल्या. सर्वांत मोठी सत्तावन्न वर्षांची, सर्वांत लहान मोना, वय सतरा. मृतदेह घरच्यांना दिले नाहीत. त्या दहाही जणींना आधी चार वेळा विचारण्यात आलं होतं: बहाई नाही असं म्हणा आणि घरी जा.

म्हणजे 'नाही' म्हटलं की खरंच सुटका व्हायची?

व्हायची. म्हणूनच मी या शिक्षेला राजकीय म्हणायला तयार नाही. हेराने 'मी आता मुसलमान झालो' म्हटलं म्हणून कुठलं सरकार त्याला सोडून देतं? ऐंशीच्या दशकात नोकरीवरून काढलेल्या बहाईंना स्पष्ट सांगितलं जाई की वर्तमानपत्रात जाहीर निवेदन द्या, धर्म सोडला म्हणा, नोकरी परत घ्या. निवृत्तांची पेन्शन थांबवली, काहींकडून तर आजवर घेतलेला पगार परत मागितला. त्यातूनही बाहेर पडण्याचा रस्ता तोच.

मग वरवर 'नाही' म्हणून टाकायला काय हरकत आहे? मनात काय ते राहतंच की.

हा प्रश्न आपल्याकडे खूप जण विचारतात आणि त्यामागे कीव असते, कुचेष्टा नसते. शिया परंपरेत जिवावर बेतल्यास श्रद्धा लपवायला मुभा आहे. बहाईंना ती नाही. विचारलं तर खरं सांगायचं, असा त्यांचा दंडक आहे. सरकारी यंत्रणेला हे पुरतं माहीत आहे, आणि साऱ्या जाचाची उभारणी त्यावरच झाली आहे. प्रवेश अर्ज असो, नोकरीचा फॉर्म असो की ओळखपत्र, कुठेतरी धर्माचा रकाना ठेवायचा. २०२० मध्ये राष्ट्रीय ओळखपत्राच्या अर्जातला 'इतर' हा पर्यायही काढून टाकला. आता चार धर्मांपैकी एक निवडा, म्हणजेच खोटं लिहा, नाहीतर कार्ड नाही. आणि कार्ड नाही तर बँकेचं खातं, कर्ज, घराचा व्यवहार यांपैकी काहीच सुरळीत होत नाही.

आता तर फाशी देत नाहीत. म्हणजे परिस्थिती सुधारली, नाही का?

फाशीमुळे जगभर बोंब झाली, म्हणून पद्धत बदलली. फेब्रुवारी १९९१ मध्ये सर्वोच्च सांस्कृतिक क्रांती परिषदेने 'बहाई प्रश्ना'वर एक गोपनीय टिपण तयार केलं. त्यावर तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनी यांची मान्यतेची सही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने ते १९९३ मध्ये उघड केलं. त्यातला आशय असा: यांची प्रगती आणि विकास रोखला जाईल अशा रीतीने यांच्याशी वागावं, शाळेत घालावं ते शक्यतो कडव्या धार्मिक वातावरणाच्या शाळेत, बहाई असल्याचं कळताच विद्यापीठातून काढावं, नोकरी देऊ नये.

आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणजे काय हे गावोगावी ठाऊक आहे, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदाही केला. इराणमध्ये वाळीत टाकायचं काम जातपंचायत करत नाही, सरकारच करतं, फायली आणि शिक्क्यांनिशी.

विद्यापीठाचंच पाहा. बारावीनंतरची देशव्यापी प्रवेशपरीक्षा बहाई मुलं देतात. निकालाच्या दिवशी वेबसाइटवर आपला क्रमांक टाकला की गुणांऐवजी ओळ येते: 'फाइल अपूर्ण'. कुठला कागद कमी आहे हे कुणी सांगत नाही, कारण कमी असा कागद नसतोच. यावर बहाईंनी १९८७ मध्ये स्वतःची उच्च शिक्षण संस्था सुरू केली. वर्ग दिवाणखान्यात, प्रयोगशाळा कुणाच्या तळघरात, प्राध्यापक म्हणजे नोकरीवरून काढलेले बहाई प्राध्यापक. १९९८ आणि २०११ मध्ये त्या घरांवर मोठे छापे पडले आणि शिकवणाऱ्यांना चार-पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या, शिकवलं म्हणून. बाहेरच्या अनेक नामवंत विद्यापीठांनी या संस्थेच्या पदवीवर पुढचे प्रवेश दिले आहेत.

व्यापाराचं तसंच. धार्मिक सुट्टीला दुकान बंद ठेवलं की दुसऱ्या दिवशी सील. शेतीचं तसंच: माझंदरान प्रांतातल्या ईवेल गावात २०१० मध्ये बहाईंची घरं पाडली, पुढे न्यायालयाने जमिनीही काढून घेतल्या, २०२२ च्या ऑगस्टमध्ये रोशनकूह गावात तेच झालं. एप्रिल २०२४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने या सगळ्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं.

तुरुंगात त्यांना कसं वागवतात?

तेहरानच्या एविन तुरुंगात २०९ क्रमांकाचा विभाग आहे. तो गुप्तचर मंत्रालयाच्या ताब्यात असतो. आधी एकांत कोठडी. खाली पातळ सतरंजी, अंगावर एक-दोन घोंगड्या, दिवा रात्रंदिवस चालू. बाहेर काढताना डोळ्यांवर पट्टी. चौकशीला भिंतीकडे तोंड करून बसवतात, विचारणारा पाठीमागे. आठवडे, कधी महिने हेच. वकील भेटत नाही, घरच्यांना काही कळत नाही.

'यारान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात जणांचं प्रकरण यातलं सर्वांत बोलकं आहे. मंडळांवर बंदी आल्यावर समाजाची रोजची कामं, म्हणजे लग्न, मर्तिक, मुलांचं शिक्षण, पाहण्यासाठी हा छोटा गट होता आणि सरकारला तो माहीत होता. मार्च २००८ मध्ये महवश साबेत यांना अटक झाली, १४ मे रोजी उरलेल्या सहा जणांना: फरीबा कमालाबादी, जमालोद्दीन खानजानी, अफिफ नईमी, सईद रेझाई, बेहरूझ तवक्कोली आणि वहीद तिझफहम. वर्षाहून जास्त काळ आत ठेवल्यावर वकिलांची जेमतेम तासभर भेट. वकीलपत्र नोबेल विजेत्या शिरीन एबादी यांच्या कार्यालयाने घेतलं होतं. फाइल पाहिल्यावर त्यांनी सांगितलं की आरोप सिद्ध होईल असं त्यात काहीच नाही. बचाव पक्षातले अब्दुलफत्ताह सोलतानी पुढे स्वतःच तुरुंगात गेले. २०१० मध्ये प्रत्येकाला वीस वर्षं ठोठावली. प्रत्यक्षात दहा वर्षं भोगून ते २०१७-१८ मध्ये सुटले. खानजानी आत असताना त्यांची पत्नी वारली. अंत्यविधीला त्यांना सोडलं नाही. २०२३ मध्ये, नव्वदीच्या घरात, त्यांना पुन्हा अटक झाली आणि काही दिवसांनी सोडलं.

महवश साबेत शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिका होत्या. तुरुंगात त्या कविता लिहू लागल्या, मिळेल त्या चिटोऱ्यावर. भिंतीपलीकडच्या बायकांबद्दल, वेश्या म्हणून आणलेल्या, अमली पदार्थांत सापडलेल्या, फाशीची वाट पाहणाऱ्या. २०१७ मध्ये इंग्लिश पेन या लेखकांच्या संस्थेने त्यांना धैर्यशील लेखिका म्हणून गौरवलं. ३१ जुलै २०२२ रोजी महवश आणि फरीबा या दोघींना पुन्हा पकडलं आणि आणखी दहा वर्षांची शिक्षा सुनावली. पहिली दहा झाल्यावर पुन्हा दहा! २०२४ च्या अखेरीस महवश यांच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली.

अलीकडे तर बायकांवरच रोख आहे. २०२४ मध्ये इस्फहानमधल्या दहा बहाई स्त्रियांना मिळून नव्वद वर्षांची शिक्षा झाली.

मेल्यावर तरी सुटका होते का?

नाही. २०१४ मध्ये क्रांतिरक्षक दलाने शिराझची जुनी बहाई दफनभूमी खणून काढली. शिराझमध्ये फाशी दिलेल्या त्या स्त्रियाही तिथेच पुरल्या होत्या. २०२१ मध्ये तेहरानच्या बहाईंना सांगितलं की यापुढे खावरान इथल्या सामूहिक कबरींच्या जागेवर पुरा, म्हणजे १९८८ मध्ये मारलेल्या राजकीय कैद्यांच्या अंगावर. बहाई कुटुंबांनी नकार दिला. ज्यांच्या आप्तांच्या त्या कबरी होत्या, त्यांनीही विरोध केला.

इराणमधले सगळेच लोक असे वागतात का?

मुळीच नाही, आणि हे उत्तर गाळून हा विषय कुणाला सांगू नये. एकेकाळी क्रांतीचे नेते खोमेनी यांचे वारस मानले गेलेले आयातुल्ला मोंतझेरी यांनी २००८ मध्ये बहाईंना नागरिकत्वाचे हक्क आहेत असा निर्वाळा दिला. २०१४ मध्ये आयातुल्ला मासूमी-तेहरानी यांनी बहाई धर्मग्रंथातल्या वचनाचं सुलेखन स्वतःच्या हाताने करून बहाईंना भेट दिलं. पूर्वी राजवटीचे समर्थक असलेले पत्रकार मोहम्मद नूरीझाद २०१३ मध्ये आई-वडील तुरुंगात असलेल्या चार वर्षांच्या एका बहाई मुलाच्या घरी गेले, त्याच्या पायांचं चुंबन घेतलं आणि सगळ्या शियांच्या वतीने माफी मागितली. माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानींची मुलगी फाएझे हाशेमी एविनमध्ये फरीबांबरोबर राहिली होती. २०१६ मध्ये फरीबा पाच दिवसांच्या रजेवर सुटल्या तेव्हा ती त्यांना घरी जाऊन भेटली. त्यावर मोठं काहूर उठलं, वडिलांनी जाहीर नापसंती दाखवली. ती मागे हटली नाही.

हे फक्त इराणमध्येच चालतं का?

येमेनमध्ये हूथी बंडखोरांनी हामेद बिन हैदरा या बहाईला २०१८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. २०२० मध्ये सोडून हद्दपार केलं. इजिप्तमध्ये ओळखपत्रावर धर्माच्या जागी नुसती आडवी रेघ मारून घ्यायला बहाईंना २००९ पर्यंत कोर्टात झगडावं लागलं.

आपल्याकडे असं कधी घडलं आहे का?

गोव्यात घडलं. १५६० मध्ये पोर्तुगीजांनी तिथे इन्क्विझिशन बसवलं, ते मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. ख्रिस्ती झालेली माणसं घरात जुन्या चालीरीती पाळतात का, हे शोधायचं त्याचं काम. १७३६ च्या फर्मानात दारातली तुळस, पुरुषांचं धोतर, बायकांची चोळी, एवढंच काय, हिंदूंसारखा मिठाशिवाय शिजवलेला भात, इथपर्यंत मनाई होती. म्हणजे स्वयंपाकघरातल्या पातेल्यावरून माणूस कोठडीत जाऊ शकत होता. गोवा-कोकणातल्या अनेक घराण्यांच्या स्थलांतराच्या कथा त्या काळापासूनच्या आहेत. ज्यांच्या घरात त्या अजून सांगितल्या जातात, त्यांना शिराझ फार लांब वाटू नये.

इथे बसून लिहिल्या-बोलल्याने कैद्यांचा त्रास वाढत नाही का?

सुटून आलेले बहुतेक कैदी उलट सांगतात. बाहेर नाव घेतलं जातंय हे कळलं की आत औषध मिळतं, रजा मिळते, चौकशी करणारा जरा जपून बोलतो. १९८३ नंतर फाशी कमी होत गेली तीही संयुक्त राष्ट्रांत दरवर्षी ठराव येऊ लागल्यावर.

तेव्हा लिहा, पण तीन गोष्टी पाळा. जे नाव कुटुंबाने किंवा बहाई संस्थांनी जाहीर केलेलं नाही, ते लिहू नका. पाचगणी-पुण्यात शिकून गेलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचा फोटो तर अजिबात टाकू नका. या विषयाच्या आडून मुसलमानांवर राग काढू नका. बहाईच त्याला पहिला आक्षेप घेतील, आणि नूरीझाद, मासूमी-तेहरानी, सोलतानी यांनी मोजलेली किंमत त्यात पुसली जाते. आणि बातमी मराठीत करताना 'सुरक्षेच्या कारणावरून अटक' असं जसंच्या तसं उतरवू नका. ते शब्द सरकारी वकिलाचे आहेत. प्रार्थनेला जमले म्हणून, मुलांना शिकवलं म्हणून, बहाई आहे असं विचारल्यावर खरं सांगितलं म्हणून, यांपैकी जे घडलं असेल ते लिहा.